थंड पाणी आणि पोशाखाची जाडी



बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. उत्तरेला गोदावरी, मधून गेलेला बालाघाटाचा डोंगर आणि पावसाची वाट पाहणारीं गांवें, असा आमचा मुलूख. तेव्हां अंबाजोगाईच्या माणसानें समुद्रांत घालावयाच्या रबरी पोशाखाविषयीं भाषण करावें, हें ऐकून तुम्हांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. मलाहि तें प्रथम आलें होतें. परंतु गेल्या वर्षीं माझ्या बहिणीच्या मुलाचें अमेरिकेहून पत्र आलें आणि माझें हंसणें थांबलें.

हा माझा भाचा आमच्याच घरीं वाढला आणि आमच्याच विहिरींत पोहावयास शिकला. नोकरीनिमित्त तो सध्यां कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सान्ता क्रूझ या गांवीं असतो. तेथील तरुण लोक एका लांबट फळीवर पोट टेकून, हातांनीं पाणी मारीत समुद्रांत दूरवर जातात, आणि मनाजोगती लाट आली कीं त्या फळीवर उभे राहून तिच्याबरोबर किनाऱ्याकडे परततात. या खेळाला सर्फिंग म्हणतात. भाच्यानें एप्रिल महिन्यांत, म्हणजे आपला चैत्र चालू असतांना, कोणाचा तरी वापरलेला पोशाख स्वस्तांत घेतला आणि तो पाण्यांत उतरला. एप्रिल म्हणजे उन्हाळा, हा त्याचा बीडचा हिशेब. पाऊण तासानें तो किनाऱ्याला लागला तेव्हां त्याला मोटारीचें दार उघडतां येईना. किल्ली हातांत होती, डोकें शुद्धीवर होतें, पण आंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटेनात. शेवटीं त्यानें ती किल्ली दोन्ही तळहातांच्या मध्यें दाबून फिरविली. पत्राच्या अखेरीस त्यानें विचारलें होतें, "मामा, ३ मिलिमीटरचा पोशाख कमी पडला कीं मीच कमी पडलों? आतां ४ चा घेऊं कीं ५ चा?"

पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझा जन्म गेला. असा प्रश्न आल्यावर मला स्वस्थ बसवलें नाहीं. शिवाय आज मराठी घरांतील मुलें जगांतील वाटेल त्या किनाऱ्यावर जाऊन राहतात, आणि थंड पाण्याची ओळख त्यांना घरून मिळालेली नसते. म्हणून हा विषय आपल्यापुढें मांडतों.

विहिरीनें भाच्याला काय शिकविलें होतें तें मी जाणतों. तिनें मलाहि तेंच शिकविलें. जमिनीच्या पोटांतील पाण्याचें तपमान वर्षभर जवळजवळ एकसारखें असतें. त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास तें राहतें. आमच्याकडे म्हणजे सुमारें २५-२६ अंश सेल्सियस. मार्गशीर्षांत पहांटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हां हेंच पाणी ऊन लागतें आणि त्यावर वाफ तरंगतांना दिसते. आमच्याकडचें पोर कांठावर कुडकुडतें आणि उडी टाकल्यावर सुखावतें. थंडी हवेंत असते आणि ऊब पाण्यांत, अशी त्याची समजूत होऊन बसते. तरीहि याच विहिरींत तास-दीड तास डुंबल्यावर ओठ निळे पडतात आणि वरून आजीच्या हांका सुरू होतात, हेंहि आपण पाहिलें आहे. २५ अंशांचें पाणी हें करतें, तर ११ अंशांचें काय करील?

आणि भाच्याच्या गांवीं एप्रिलांत समुद्र तेवढाच थंड असतो. वसंत ऋतूंत त्या किनाऱ्यावर वायव्येचे जोरदार वारे वाहतात. ते, पृथ्वीच्या फिरण्याच्या साह्यानें, वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, आणि त्याची जागा भरून काढण्यास खोलवरचें गार पाणी वर येतें. त्यामुळें वरती स्वच्छ ऊन पडलेलें असतांना पाणी मात्र वर्षांतील सर्वांत थंड, ११-१२ अंशांच्या घरांत असतें. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्यें तेंच १५-१६ पर्यंत चढतें. पंचांग पाहून समुद्रांत शिरूं नये, तपमान पाहून शिरावें, हें मीं त्याला सर्वांत आधीं लिहिलें.

आतां हवा सोसते आणि पाणी सोसत नाहीं तें कां? स्थिर पाणी हें स्थिर हवेच्या सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. शिवाय एक घागर पाणी एका अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेंत साडेतीन हजार घागरी हवा तेवढीच तापते. म्हणजे हवा आपल्या अंगाभोवतीं चटकन ऊबदार होऊन बसते. पाणी मात्र कितीहि उष्णता गिळून थंडच राहतें, आणि हललें कीं पुन्हां नवें थंड पाणी अंगाला भिडतें.

कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं थंड पाण्यांत पडलेल्या माणसाची अवस्था तीन आंकड्यांत सांगितली आहे: एक, दहा, एक. अगदीं बर्फगार पाण्यांत साध्या कपड्यांनिशीं पडलेल्या माणसाचा पहिला एक मिनिट धाप आवरण्यांत जातो. त्या वेळीं श्वास आपोआप आंत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखालीं असेल तर तेवढ्यानेंच घात होतो. पुढचीं सुमारें दहा मिनिटें हातपाय कामाचे राहतात. आणि शुद्ध हरपण्यास जवळजवळ एक तास लागतो. यांतील मधला आंकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस थंडीनें गारठून मरतो अशी आपली कल्पना. पण पुष्कळदां तो त्याच्या कितीतरी आधीं, हात चालेनासे झाले म्हणून बुडतो. शरीर आपली ऊब काळीज आणि मेंदू यांकडे राखून ठेवतें आणि हातापायांचा रक्तपुरवठा आंखडून घेतें. भाच्याची किल्ली फिरेना, ती यामुळें. किल्लीच्या जागीं फळीची दोरी सोडविण्याची वेळ असती तर काय झालें असतें, हें मीं बहिणीला सांगितलें नाहीं.

ओल्या थंडीशीं आमचा संबंधच नाहीं असें मात्र नव्हे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून ऊंसतोडीसाठीं हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. पहांटे ते फडांत शिरतात तेव्हां पाचट दंवानें निथळत असतें. बाया लुगड्यावर पुरुषी सदरा चढवितात, तो हात कापूं नयेत म्हणून. पण थोड्याच वेळांत तो सुती सदरा भिजून अंगाला चिकटतो आणि मग उपयोगाऐवजीं उपद्रव देतो. सुती कापडाची ऊब त्याच्या धाग्यांमधल्या हवेंत असते. पाणी शिरलें कीं हवा गेली, आणि हवेबरोबर ऊब गेली. रात्रीच्या पाळीला गव्हाला पाणी देणारा, दारें धरणारा शेतकरी म्हणूनच घोंगडी घेऊन जातो. दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ. तिचे केंस भिजले तरी लोळागोळा होत नाहींत, कुरळे आणि ताठ राहतात, आणि त्यांच्या मध्यें थोडी हवा टिकून राहते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाहीं. त्यांतून सणगर विणकर सुताला चिंचोक्याची खळ देतात, तिनें घोंगडी आणखी ताठ होते. पाऊस पडला कीं धनगर डोक्यावर तिची खोळ करून उभा राहतो, तें उगीच नव्हे.

रबरी पोशाखाचें तत्त्व याहून निराळें नाहीं. पूर्वी पाणबुडे पाणी आंत येऊंच नये अशा बंद रबरी पोशाखांत उतरत आणि आंत लोकरीचे कपडे घालीत. कोठें एक भोंक पडलें कीं सगळा बेत फसे. १९५१-५२ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांतील ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकानें या गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें. दुसऱ्या महायुद्धांत अणुबाँबच्या कामावर असलेला हा मनुष्य. पाणी आंत आलें तर येऊं द्यावें, असें तो म्हणाला. ऊब राखण्याचें काम कापडांत कोंडलेल्या वायूनें करावें. निओप्रीन नांवाचें कृत्रिम रबर ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३० सालीं तयार झालें होतें. त्याचा फेंस करून थिजविला कीं त्यांत असंख्य बारीक बंद बुडबुडे राहतात. प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असल्यामुळें एक फुटला तरी शेजारच्यांत पाणी शिरत नाहीं. याच फेंसाळ रबराचा अंगाबरोबर बसणारा पोशाख म्हणजे वेटसूट. भाच्याच्या गांवाचाहि या कथेशीं संबंध आहे. जॅक ओनील यानें १९५२ मध्यें सान फ्रान्सिस्को येथें सर्फिंगच्या सामानाचें दुकान काढलें आणि १९५९ मध्यें तो सान्ता क्रूझला आला. लाटांवर खेळणाऱ्यांमध्यें हा पोशाख रुजविण्यांत त्याचा मोठा वांटा आहे.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. अंगाजवळ शिरलेलें पाणी तापतें आणि तें आपल्याला ऊब देतें, असें पुष्कळजण सांगतात. पाणी तापतें तें आपल्याच उष्णतेनें. तें आपल्याला कांहीं देत नाहीं. तें थोडें असावें आणि हलूं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. काम बुडबुड्यांचें आहे.

आतां जाडीचा हिशेब. पोशाखावर ३/२, ४/३, ५/४ असे आंकडे असतात. पहिला आंकडा छाती-पाठीवरील जाडी मिलिमीटरांत, दुसरा हातापायांवरील. धड जाड आणि हात पातळ, कारण खांदा मोकळा फिरला नाहीं तर पाणी मारतां येत नाहीं. हें फेंसाळ रबर स्थिर हवेच्या सुमारें दुप्पट उष्णता जाऊं देतें, म्हणजे पाण्याच्या बाराव्या हिश्श्याइतकी. माणसाचें सर्वांग पोशाखांत आहे, कातडीचें तपमान २८ अंश आहे आणि बाहेर १२ अंशांचें पाणी आहे असें धरूं. स्वस्थ बसलेला माणूस सुमारें १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करतो, हें माप मनांत ठेवा. माझ्या ठोकळ हिशेबानें २ मिलिमीटरच्या पोशाखांतून ६४० वॅट गळतात, ३ मधून ४३०, ४ मधून ३२०, ५ मधून २५५ आणि ६ मधून २१५.

हे आंकडे एका ओळींत लिहून पाहिले तेव्हां मला स्वतःलाहि नवें कांहीं दिसलें. २ वरून ३ वर गेलें कीं दोनशें वॅटांची बचत होते. ५ वरून ६ वर गेलें तर चाळीसचीच. उलट रबर जितकें जाड तितकें तें वांकविण्यास अधिक जोर लागतो, आणि तो जोर खांद्यांना दर हातामागें द्यावा लागतो. म्हणजे पातळ पोशाखांत एक मिलिमीटर वाढविणें हा मोठा लाभ आहे. जाड पोशाखांत तो लाभ आटत जातो आणि भुर्दंड वाढत जातो. जोरानें पाणी मारणारा मनुष्य चारशें वॅटहि सहज निर्माण करतो, म्हणून ४ चा पोशाख त्याला चालून जातो. पण लाटेची वाट पाहत फळीवर बसून राहिला कीं तोच मनुष्य शंभर-सव्वाशेंवर येतो. अर्धें अंग पाण्याबाहेर असल्यामुळें गळतीहि थोडी कमी होते, पण हिशेब तोट्याचाच राहतो. थंडी वाजते ती या बसून राहण्याच्या वेळांत.

त्या किनाऱ्यांवरील अनुभवी लोकांचा सर्वसाधारण संकेत मीं मिळविला. पाणी २३-२४ अंशांच्या वर असेल तर अशा पोशाखाची जरूर नाहीं. आपल्या कोंकण किनाऱ्यावर समुद्र बहुधा २५ ते ३० अंशांत असतो, तेथें उन्हापासून आणि फळीच्या घांसण्यापासून अंग राखणारा पातळ सदरा पुरे. १८ ते २२ पर्यंत २ मिलिमीटरचा आंखूड पोशाख किंवा ३/२. १५ ते १८ मध्यें पूर्ण ३/२. १२ ते १५ मध्यें ४/३. त्याखालीं ४/३ लाच पायमोजे व टोपी जोडावी किंवा ५/४ घ्यावा. ८-९ अंशांखालीं ५/४ बरोबर टोपी, हातमोजे, पायमोजे सर्व हवें. अगदीं ५ अंशांच्या आसपास ६ मिलिमीटरपर्यंत जाणारेहि असतात. इंग्लंडांत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्यें पाणी ९-१० अंशांवर असतें आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें १६-१७ वर, म्हणून तेथें पुष्कळांच्या घरीं दोन पोशाख टांगलेले असतात. दोन घेणें परवडत नसेल तर थंड ऋतूचा घ्यावा. ऊब जास्त झाली तर गळ्याशीं थोडें पाणी आंत घेतां येतें, कमी पडली तर कांहीं करतां येत नाहीं.

हा संकेत सरासरी माणसाचा आहे. सडपातळ माणसानें एक पायरी वर जावें. लहान मुलांचें अंग वजनाच्या मानानें अधिक उघडें असतें, त्यांनींहि. उलट अंगावर चरबी असलेला आणि सवय केलेला मनुष्य पुष्कळ सोसतो. पुण्याचे रोहन मोरे यांनीं २०१८ सालीं न्यूझीलंडची कुकची सामुद्रधुनी पोहून जगांतील सात प्रसिद्ध सागरी मार्ग पुरे केले. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांना नियमानें असा पोशाख वर्ज्य असतो. ते साध्या पोहण्याच्या पोशाखांत तासन् तास १६-१७ अंशांच्या पाण्यांत असतात. अंगाला ते जी चरबी चोळतात ती मुख्यतः कातडी सोलवटूं नये म्हणून. ऊब तिच्यानें फारशी राहत नाहीं. पण ते अखंड हात मारीत असतात, आणि त्यामागें वर्षांची तयारी असते. आठवड्यांतून एकदां समुद्रावर जाणाऱ्यानें त्यांच्याकडे बोट दाखवूं नये.

एवढें झाल्यावर मीं भाच्याला पत्र लिहून दोन प्रश्न विचारले. पोशाख कोठें ढिला आहे का, आणि लाटेखालून जातांना आंत थंड पाणी कोठून शिरतें? उत्तर आलें कीं कमरेच्या वरच्या बाजूला, पाठीच्या पन्हळींत, मूठभर कापड हातांत येतें, आणि दर बुडीला एक गार ओघळ मानेपासून खालीं उतरतो. माझें निदान तेथेंच झालें. आंतलें पाणी दर बुडीला बदलत असेल तर ३ मिलिमीटर काय आणि ६ काय! भोंक पडलेल्या रांजणाला जाड तळ लावून उपयोग नाहीं. पोशाख कोरडा असतां घालतांना थोडें झगडावें लागावें. कमरेशीं, कांखेंत आणि गुडघ्यामागें पोकळी नसावी. गळा, मनगटें आणि घोटे आंवळ असावेत, पण श्वास कोंडूं नये आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ जावेत. हात वर नेतांना मनगटाशीं पोशाख फार वर चढला तर तो आंखूड समजावा.

दुसरें, पोशाख जुना होता. वर्षानुवर्षांच्या वापरानें बुडबुडे दबतात आणि फुटतात. लेबलावर ३ मिलिमीटर राहतात, अंगावर दोन-सव्वादोन. चिमटींत धरून दाबावा. फुगून पूर्ववत् आला नाहीं, किंवा घडीवर सुरकुती कायम राहिली, तर स्वस्तांतहि घेऊं नये. (पाणबुड्यांना हीच अडचण निराळ्या रीतीनें येते: १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे जवळजवळ निम्मे होतात, म्हणून त्यांना अधिक जाड पोशाख लागतो. फळीवरच्या माणसाला त्याचें भय नाहीं.) वापरानंतर गोड्या पाण्यानें धुवून सावलींत वाळवावा, उन्हानें रबर कडक होतें.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. बहुतेक पोशाखांना बाहेरून कापडाचें अस्तर असतें. तें पाणी धरून ठेवतें आणि वाऱ्यानें तें पाणी उडतांना पोशाखाची उष्णता घेऊन जातें. आपला माठ जसा गार होतो, तसाच फळीवर बसलेला माणूस. म्हणून वाऱ्याच्या किनाऱ्यावर छाती-पाठीला बाहेरून गुळगुळीत रबर असलेला पोशाख चांगला; त्यावर पाणी टिकत नाहीं.

टोपीविषयीं लोक सांगतात कीं निम्मी उष्णता डोक्यांतून जाते. हें खरें नव्हे. डोक्याचा वांटा त्याच्या आकाराइतकाच, शेंकडा दहाच्या आंतबाहेर असतो. पण बाकीचें अंग झांकल्यावर उघडें डोकेंच गळतें, लाटेखालीं कपाळांत कळ येते, आणि थंड पाण्यांत वर्षानुवर्षें खेळणाऱ्यांच्या कानाच्या नळींत हाड वाढून ती अरुंद होते. एवढ्या कारणांसाठीं टोपी घ्यावीच.

तेव्हां भाच्याला माझें उत्तर असें गेलें: ५ चा नको. अंगाबरोबर बसणारा नवा ४/३, वसंतांत त्याला टोपी आणि पायमोजे. पहिल्या वेळीं अर्धाच तास. आणि दर दहा मिनिटांनीं आंगठा करंगळीला लावून पाहावा. लागला नाहीं कीं त्याच क्षणीं किनारा धरावा, पुढची लाट कितीहि सुंदर दिसो. एकट्यानें जाऊं नये, हें लिहावयाचें कारण नव्हतें, तरी लिहिलें.

शेवटचा मुद्दा बहिणीनें काढला. पाण्याबाहेर आल्यावर तो काय पांघरतो, असें तिनें विचारलें. प्रश्न बरोबर होता. बाहेर आल्यावरहि शरीराचें आंतील तपमान कांहीं वेळ उतरतच राहतें, कारण हातापायांतील गारठलेलें रक्त परत काळजाकडे येतें. आणि त्याच वेळीं हा मुलगा वाऱ्यांत उघडा उभा राहून ओला पोशाख सोलीत असतो. तेथील लोक याकरितां जाड टॉवेलचा टोपीवाला झगा वापरतात. बहिणीनें तो विकत घेऊं दिला नाहीं. घरांत वडिलांच्या वेळची एक काळी घोंगडी होती, ती दोन दिवस उन्हांत टाकून तिनें टपालानें पाठविली. टपालखर्च घोंगडीच्या किमतीहून जास्त आला. मागील महिन्यांत भाच्याचा फोन आला. ती मोटारीच्या मागच्या बाकावर असते आणि तिला समुद्राचा वास लागला आहे, असें तो म्हणाला.